भिंतीवरचा ‘ण’ : शौचालयांतील लेखनाच्या इतिहासाविषयी

महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार म्हटले की प्राध्यापकांच्या वाट्याला नाना प्रकारची कामे येतात. आम्ही दोघे वर्धा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका भेटीच्या तयारीत आमची नेमणूक ‘परिसर सौंदर्यीकरण’ नावाच्या उपसमितीवर झाली. कुंड्या, फलक, सुविचार हे सगळे झाल्यावर शेवटी विद्यार्थ्यांची स्वच्छतागृहे तपासण्याचे काम उरले. मुलांच्या स्वच्छतागृहात आत शिरल्यावर उजव्या हाताच्या भिंतीवर, साधारण छातीच्या उंचीवर, निळ्या बॉलपेनने एक ओळ लिहिलेली होती. शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांना उद्देशून, एका जातीचे नाव घेऊन दिलेली ती शिवी होती. ती येथे उद्धृत करण्याची गरज नाही. वाचकांना तिचा नमुना ठाऊक असेल. त्या ओळीत ‘आरक्षन’ असा शब्द होता. दुसऱ्या कोणीतरी काळ्या शाईने त्यातल्या ‘न’भोवती गोल काढला होता, वर ठसठशीत ‘ण’ लिहिला होता, आणि खाली दोनच शब्द होते : ‘आधी शीक’.

आम्ही हसलो. आमच्यापैकी जो आत होता त्याने बाहेर येऊन जी व्हरांड्यात उभी होती तिला ते सांगितले, आणि आम्ही दोघेही पुन्हा हसलो. सफाईचे काम करणारे मामा बादली व घासणी घेऊन शेजारीच उभे होते. ते हसले नाहीत. त्यांना आम्ही ‘एवढे पुसून घ्या’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी रंगारी आला आणि भिंत पांढरी झाली. समितीने परिसराबद्दल समाधान व्यक्त केले.

त्या भिंतीची आम्ही नक्कल करून घेतली नाही, छायाचित्रही काढले नाही. त्याच सत्रात आम्ही एम. ए.च्या वर्गाला मराठीचे आद्य कोरीव लेख शिकवत होतो. एकेका अक्षराच्या वाचनावरून विद्वानांत झालेले वाद फळ्यावर मांडत होतो. आठशे वर्षांपूर्वीच्या अक्षरासाठी एवढा जीव टाकायचा आणि आठ दिवसांपूर्वीचे अक्षर घासणीने पुसून टाकायचे, यातली विसंगती तेव्हा आमच्या ध्यानात आली नाही. ती पुढे हळूहळू आली. प्रस्तुत लेख त्या विलंबाने सुचलेल्या विचारांचा आहे.

अशा भिंतींकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहणारे लोक जगात नव्हते असे नाही. अ‍ॅलन वॉकर रीड हा अमेरिकन भाषाभ्यासक १९२८च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम भागातून आणि कॅनडातून लांबचा प्रवास करीत होता. वाटेत लागणाऱ्या सार्वजनिक शौचालयांच्या भिंतींवर जे लिहिलेले दिसे, ते तो जसेच्या तसे उतरवून घेई. शब्दकोशांनी ज्या शब्दांना दार बंद केले होते ते शब्द लोक प्रत्यक्षात कसे वापरतात, कसे लिहितात, याचा लेखी पुरावा त्याला हवा होता. आणि तो पुरावा दुसरीकडे कोठेही मिळणार नव्हता. या टिपणांचे पुस्तक १९३५ साली पॅरिसमध्ये खाजगीरीत्या छापले गेले. प्रती अवघ्या ७५. मुखपृष्ठावर सूचना अशी की भाषाविज्ञान, लोकविद्या, मानसविकृतिशास्त्र आणि तत्सम सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांपुरतेच हे पुस्तक मर्यादित आहे. ‘लेक्सिकल एव्हिडन्स फ्रॉम फोक एपिग्राफी इन वेस्टर्न नॉर्थ अमेरिका’ असे त्याचे लांबलचक नाव. त्यातला ‘फोक एपिग्राफी’ हा शब्दप्रयोग आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. राजांचे कोरीव लेख असतात तसे लोकांचेही असतात, आणि दोहोंच्या वाचनाला शिस्त एकच लागते, असा त्याचा अर्थ. ‘ओके’ या जगभर पसरलेल्या शब्दाची व्युत्पत्ती ज्याने पुढे चिकाटीने शोधून काढली, तोच हा रीड. भिंतीपुढे वही घेऊन उभे राहण्याची सवय त्याला त्या कामातही उपयोगी पडली असावी. ते पुस्तक सामान्य वाचकांच्या हाती पडायला मात्र १९७७ साल उजाडले.

१९६६ साली अ‍ॅलन डंडीस या लोकविद्येच्या अभ्यासकाने या लेखनाला ‘लॅट्रिनालिया’ असे स्वतंत्र नाव दिले. त्याचे म्हणणे असे की बाहेरच्या रस्त्यावरच्या भिंतीवर लिहिणे आणि शौचालयाच्या भिंतीवर लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरचा लिहिणारा पाहिला जाण्याचा धोका पत्करतो. आतला दाराला कडी लावून लिहितो. वाचणाराही एकटाच असतो. लेखक अनामिक, वाचक अनामिक, आणि तरीही मजकुराखाली उत्तर, उत्तराखाली प्रत्युत्तर, अशी वर्षानुवर्षे चाललेली चर्चा. छापील वाङ्मयात असा प्रकार क्वचितच आढळेल.

अमेरिकेतल्या या अभ्यासांत आम्हांला एक गोष्ट खटकली. त्यांचे सारे लक्ष आतल्या भिंतीवर आहे. दारावरच्या पाटीवर नाही. तेथील दक्षिणेकडच्या राज्यांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शौचालयाच्या दारावर ‘गोऱ्यांसाठी’ आणि ‘काळ्यांसाठी’ अशा पाट्या असत. पुष्कळ पेट्रोल पंपांवर काळ्या प्रवाशाला शौचालय मिळतच नसे. कोठे थांबता येईल हे सांगणारे ‘ग्रीन बुक’ नावाचे मार्गदर्शक पुस्तक व्हिक्टर ग्रीन या टपालखात्यातल्या कर्मचाऱ्याने १९३६ पासून काढले आणि ते तीन दशके चालले. सार्वजनिक ठिकाणच्या या वर्णभेदाला कायद्याने बंदी आली ती १९६४ साली. तात्पर्य, शौचालयातले पहिले लेखन आतल्या भिंतीवर नसून दारावर असते. आत कोणी जायचे हे ते ठरवते, आणि म्हणून आत कोण लिहिणार हेही तेच ठरवते. आपल्याकडे अशा पाटीची फारशी गरजच पडली नाही. कोणी कोठे जायचे हे पाटीवाचून सर्वांना पाठ होते.

आता आपल्याकडे वळू. लोकवाङ्मय गोळा करण्याची मराठीत मोठी परंपरा आहे. ओव्या, उखाणे, म्हणी, लावण्या, पोवाडे यांचे संग्रह झाले, अ. द. मराठे यांनी असभ्य म्हणी आणि वाक्प्रचार यांचाही संग्रह सिद्ध केला. १९७२ साली ‘गोलपिठा’ आला आणि छापील कवितेत कोणते शब्द येऊ शकतात याची सीमाच हलली; त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, हेही साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. ट्रकांच्या पाठीवरचा मजकूर हौसेने टिपून ठेवणारेही पुष्कळ आहेत. पण एस. टी. स्थानकाच्या मुतारीतले, रेल्वेच्या डब्यातल्या संडासातले, ढाब्यामागच्या आडोशातले लेखन मात्र आपण वाचतो, नाक मुरडतो आणि बाहेर येतो. त्याला लेखन म्हणायलाही आपण तयार नसतो. घाण म्हणतो.

हे आश्चर्याचे आहे. कारण मराठी भाषा दगडावर उमटली त्या आरंभीच्या काळातच तिच्यासोबत शिवीही उमटलेली आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ सालच्या ग्रंथाचा आधार घेऊनच आपण सारे हा भाग शिकवतो. त्यातला शिलाहार राजा अपरादित्याचा परळचा लेख घ्या. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा दानलेख आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे : राजाचे नाव, दानाचा तपशील, सगळे रीतसर. शेवटी, जो कोणी हे दान मोडील त्याला शाप द्यायची वेळ येते तेव्हा लेख मराठीत उतरतो, आणि तो शाप काय आहे हे वर्गात वाचून दाखवताना प्राध्यापकाचा घसा बसतो. दान मोडणाऱ्याच्या आईचा गाढवाशी संबंध जोडणारी ती उघड शिवी आहे. ज्यांना अक्षर वाचता येत नसे त्यांच्यासाठी हाच शाप चित्ररूपाने कोरलेले दगड महाराष्ट्रात आणि कोकणात जागोजागी सापडतात. त्यांना आपण गधेगाळ म्हणतो.

आम्ही हा लेख वर्षानुवर्षे शिकवला. विद्यार्थ्यांना सांगत आलो की संस्कृत ही दानाची भाषा होती आणि मराठी ही लोकांना समजणारी भाषा होती, म्हणून शाप मराठीत. हे खरेच आहे. पण त्या भिंतीनंतर आम्हांला त्यातली आणखी एक बाजू दिसू लागली. परळच्या लेखातली शिवी सत्तेची आहे. ती राजाच्या आज्ञेने, कारागिराला मजुरी देऊन, टिकावी म्हणून दगडावर कोरली गेली. तिला आपण ‘शापवचन’ असे सभ्य नाव दिले आणि अभ्यासक्रमात लावले. स्वच्छतागृहातली शिवी बॉलपेनने लिहिलेली, टिकू नये म्हणूनच जणू लिहिलेली. तिला आपण ‘घाण’ म्हटले. दोन्हींत अपमान ज्याचा करायचा तो समोर नसतो, आणि दोन्हींत घाव घालायला बहुधा त्याची आई, बहीण किंवा जात वापरली जाते. मजकुराच्या दृष्टीने अंतर फार नाही. अंतर आहे ते कोणी कोरले आणि कशावर कोरले यात.

याच्या शेजारी दुसरा एक प्रकार ठेवून पाहावा : केवळ आपले नाव लिहून जाण्याचा. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत इ. स. १००९ आणि १०२१ या वर्षांचे पहलवी लिपीतले लेख आहेत. लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे आणि दिवस त्यांत नोंदवले आहेत. भारतातल्या पारशांच्या आरंभीच्या वास्तव्याचा तो मोलाचा पुरावा मानला जातो. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ या तारखेसह आपले नाव भित्तिचित्रावर खरवडले. त्याने चित्राची नासाडी केली हे निःसंशय. पण आधुनिक जगाला अजिंठा कधी दिसला याचा दिवस आपल्याला कळतो तो याच नासाडीमुळे. आज मार्गदर्शक पर्यटकांना ती सही हटकून दाखवतात, आणि त्याच लेण्याच्या बाहेर भिंतीवर नाव लिहिणे दंडनीय गुन्हा असल्याचा फलक असतो. फलकाविषयी आमची तक्रार नाही. एवढेच म्हणायचे आहे की दस्तऐवज आणि नासधूस या दोन सर्वथा वेगळ्या गोष्टी आहेत, असे इतिहासाच्या विद्यार्थ्याने गृहीत धरू नये.

हा विषय आम्ही वर्ध्यात बसून लिहीत आहोत, याला निराळा अर्थ आहे. शौचालय या वस्तूचा तात्त्विक विचार जेवढा या जिल्ह्यात झाला तेवढा देशात दुसरीकडे क्वचितच झाला असेल. गांधीजी मगनवाडीत राहत होते तेव्हा, १९३५च्या सुमारास, महादेवभाई देसाई, मीराबेन आणि इतर सहकारी शेजारच्या सिंदी गावात जाऊन रस्त्यावरचा मैला उचलीत. १९३६ साली गांधीजी सेगावला राहायला गेले. ते गाव पुढे सेवाग्राम झाले, आणि तेथील आश्रमात संडाससफाई हे आश्रमवासीयांचेच काम ठरले. विनोबा १९४६पासून पवनारहून खांद्यावर फावडे घेऊन सुरगावला चालत जात आणि गावाची सफाई करीत. हे त्यांनी दीड वर्षाहून अधिक काळ केले. आमच्या जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना या गोष्टी पाठ असतात.

त्याबरोबरच दुसरी बाजूही पाठ असायला हवी. १९३६ सालीच गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला. डॉ. आंबेडकरांनी १९४५ सालच्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात या साऱ्या विचारसरणीचा कठोर समाचार घेतला. जे काम माणसावर जन्माने लादले गेले आहे त्याची थोरवी गाऊन त्याची सुटका होत नाही, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. आश्रमवासी मैला उचलतो तेव्हा ते व्रत असते; तो उद्या थांबू शकतो. ज्याला थांबता येत नाही त्याच्या कामाला व्रत म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा व्हायला १९९३ साल उजाडले आणि तोही पुरेसा न ठरल्याने २०१३ साली दुसरा करावा लागला, यावरून या वादाचा निकाल कोणत्या बाजूने लागला ते कळते.

वर्ध्याच्या गोपुरीत गीताई मंदिर आहे. त्याला छप्पर नाही, मूर्ती नाही. उभ्या शिलाखंडांवर विनोबांची गीताई कोरलेली आहे. १९८० साली ते खुले झाले. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही तेथे नेतो, आणि दगडावरचे अक्षर माणसाला कसे थांबवते हे दाखवतो. कोरलेल्या अक्षराला या जिल्ह्यात असे प्रतिष्ठेचे स्थान आहे. राज्यात २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावोगावच्या भिंती घोषणांनी रंगल्या. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान आले आणि गांधीजींचा चष्मा शौचालयांच्या भिंतींवर जाऊन बसला. आमच्या तालुक्यातल्या रस्त्याने जाताना तो चष्मा दर काही अंतरावर दिसतो. शौचालयाच्या भिंतीवरचे हेही लेखनच आहे. बाहेरच्या बाजूचे, परवानगीचे, सरकारी रंगातले.

या सरकारी लेखनाने एक भाषिक चमत्कार घडवून आणला. सभ्य मराठीला ही क्रिया कधीच नीट उच्चारता आली नाही. बहिर्दिशा, परसाकडे, झाड्याला अशी वळणे आपण घेत आलो. ‘शौचालय’ म्हणजे व्युत्पत्तीने शुद्धीचे घर. ‘शेतखाना’ हा फारसी वळणाचा ‘सेहतखाना’, म्हणजे आरोग्याचे घर. मूळ क्रियेचे नाव कोणीच घेत नाही. आणि मग सरकारी परिपत्रकात एके दिवशी ‘हागणदारीमुक्त गाव’ असे शब्द आले, गावाच्या वेशीवर कमानीत रंगवले गेले, मंत्र्यांच्या भाषणांत आले, प्रशस्तिपत्रांवर छापले गेले. जो शब्द मुलाने वर्गात उच्चारला असता तर त्याला बाहेर उभे केले असते, तो बक्षिसाच्या फलकावर सन्मानाने बसला. शब्द मुळात घाण नसतो, तो कोणाच्या हातून आणि कोणत्या भिंतीवर येतो यावर त्याची जात ठरते, हे वर्गात समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

‘जात’ हा शब्द आम्ही येथे जपून वापरलेला नाही, मुद्दाम वापरला आहे. कारण आता त्या ‘ण’कडे परतायचे आहे.

न आणि ण यांचा भेद हा मराठीत केवळ उच्चारशास्त्राचा प्रश्न नाही. विदर्भातल्या बोलींत ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’ असेच म्हणतात. बहुसंख्य माणसे असेच बोलतात. परंतु शाळेत पाऊल टाकल्यापासून ‘बाणातला ण’ हा सभ्यतेचा दाखला होतो. ‘आनी-पानी’ म्हणणाऱ्या मुलाला हसले जाते, आणि त्या हसण्यात त्याचे घर, गल्ली, समाज सगळे येते. आम्ही दोघांनीही उत्तरपत्रिकांत हजारो ‘न’भोवती लाल गोल काढले आहेत. तो गोल त्या भिंतीवर पाहिला तेव्हा आम्ही हसलो खरे. पण तो गोल आमचाच होता. उत्तर देणाऱ्या मुलाने तो आमच्याकडून उचलला होता. ज्या शस्त्राने पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासारख्यांना गप्प केले जाते, ते त्याने उलटे फिरवले : तू मला माझी जागा दाखवतोस आणि तुला ‘ण’ येत नाही! विनोद म्हणून हे चोख आहे. दोन शब्दांत एवढा प्रतिवाद आमच्या कोणत्याही परिसंवादात आम्ही ऐकलेला नाही.

तरीही त्या उत्तरात एक दुखरी जागा आहे आणि ती लपवू नये. ‘आधी शीक’ म्हणताना तो मुलगा हेही मान्य करून बसतो की माणसाची किंमत ‘ण’वरून ठरते. शिवी देणाऱ्याला त्याने हरवले ते शिवी देणाऱ्याच्याच मापाने. कदाचित त्याच्याजवळ त्या क्षणी दुसरे माप नव्हते. ते देण्याचे काम आमचे होते. आम्ही त्याला फक्त लाल गोल दिला होता.

मुलींच्या बाजूच्या भिंतीचे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. आमच्यापैकी एकीने ती पाहिली. ती कोरी होती. याचा अर्थ मुली सभ्य असतात असा काढण्याचा मोह आवरावा. आल्फ्रेड किन्से याच्या १९५३ सालच्या प्रसिद्ध ग्रंथातही स्त्रियांच्या शौचालयांत असे लेखन पुरुषांच्या तुलनेत फार कमी आढळल्याची आणि जे आढळले त्यात प्रेमाच्या खुणा अधिक असल्याची नोंद आहे. पण आपल्याकडे त्याआधीचा प्रश्न उभा राहतो : भिंत होती का? गावातल्या बाईसाठी शतकानुशतके शौचालय म्हणजे पहाटेचा किंवा रात्रीचा अंधार. बसस्थानकावर मुतारी म्हणजे पुरुषांची, हे इतके गृहीत धरलेले होते की त्या शब्दाला स्त्रीलिंगी अर्थच उरला नव्हता. मुंबईत २०११ पासून स्त्रियांनी ‘राइट टू पी’ या नावाने चळवळ चालवली. पुरुषांना फुकट आणि स्त्रियांना पैसे, हा तिचा एक मुख्य आक्षेप होता. शौचालयासाठी पैसे मोजून, बाहेर रांग असताना, पर्स दातांत धरून आत गेलेली बाई भिंतीवर काय लिहिणार? लिहायला एकांत लागतो, आणि एकांत हीसुद्धा वाटपाची वस्तू आहे. पुरुषांच्या भिंतीवर बाई आहे, पण विषय म्हणून. परळच्या दगडावर आहे तशीच. लेखिका म्हणून ती दोन्हीकडे नाही. कोरी भिंत हाही दस्तऐवज असतो आणि तो वाचायला अधिक कठीण असतो.

आता हे सारे मिटत चालले आहे. हिंगणघाटवरून जाणाऱ्या जुन्या नागपूर–हैदराबाद मार्गावरच्या ढाब्यांमागे चुन्याची भिंत असे. त्यावर खिळा, कोळसा, वीट काहीही चाले. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. नव्या रस्त्यावर नव्या टाइल्स असतात. टाइलवर बॉलपेन चालत नाही, आणि लिहायची खुमखुमी असलेल्याच्या हातात आता मोबाइल असतो. जात, बाई आणि शिवी तिकडे सुखरूप पोचली आहेत. फरक असा की तिकडे लिहिणारा अनामिक राहून हजारोंपर्यंत पोचतो, आणि खाली ‘ण’ दुरुस्त करणाऱ्याची ओळ पुढच्या शंभर ओळींखाली गाडली जाते. भिंतीवर निदान जागा मोजकी होती. उत्तर शिवीच्या अगदी शेजारी राहत असे.

चुना लावल्याने अक्षरे नष्टच होतात असेही नाही. रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरातला वाकाटककालीन शिलालेख विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भिंतीवरचे थर काढताना उजेडात आला. प्रभावतीगुप्तेच्या घराण्याचा तो महत्त्वाचा पुरावा त्या थरांनीच इतकी शतके झाकून ठेवला होता. आमच्या स्वच्छतागृहाच्या डिस्टेंपरखालून मात्र काही निघणार नाही. बॉलपेनला शिलालेखाचे नशीब नसते. म्हणून नोंद करायची तर आजच करावी लागेल. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी संशोधनासाठी विषय शोधत असेल तर त्याने ही वही घालावी. मजकूर गोळा करताना लिहिणाऱ्याचे नाव शोधू नये, ज्याच्यावर शिवी आहे त्याचे नाव छापू नये, आणि मजकुराच्या रांगड्या सौंदर्याने भारून जाऊ नये. द्वेषाची ओळ ही द्वेषाचीच ओळ असते. तिची नोंद करणे म्हणजे तिला मान देणे नव्हे. रीडने सांभाळलेली शिस्त एवढीच होती.

रीडच्या आणि डंडीसच्या विवेचनात आम्हांला एक माणूस मात्र सापडला नाही. ते लेखकाविषयी बोलतात, वाचकाविषयी बोलतात, संग्राहक तर ते स्वतःच आहेत. पण ती भिंत रोज, एकही दिवस न चुकता वाचणारा माणूस तिसराच असतो. तो ती पुसणारा. शौचालयाच्या भिंतीचा इतिहास लिहायचा तर तो त्याला विचारूनच लिहावा लागेल. आम्ही त्या दिवशी विचारले नव्हते. त्या ओळीत ज्या समाजाचे नाव घेऊन शिवी होती, त्याच समाजातले मामा बादली घेऊन आमच्या शेजारी उभे होते, हेही आमच्या लक्षात पुष्कळ उशिरा आले.

मामा आता निवृत्त झाले आहेत. मागच्या वर्षी ते आम्हांला बसस्थानकावर भेटले. चहा घेताना आम्ही धीर करून विषय काढला आणि विचारले, की अशा ओळी रोज पुसताना तुम्ही त्या वाचत होता का.

“वाचल्याबिगर पुसता येते का, सर?” ते म्हणाले. “काय पुसाचं ते पाहाच लागते ना.”

आम्ही ‘आरक्षन’च्या ओळीची आठवण करून दिली. त्यांना ती आठवत होती.

“ते सगळं पुसलं होतं मी तवाच, मॅडम. वरचा तो बानातला न तेवढा सोडला होता. दुसऱ्या दिवशी पेंटर आला, मंग तो बी गेला.”